डाव्या कानातला घुमारा

प्रेमिलाताईंचा निरोप आला तेव्हा आचल अंगणात धानाच्या पोत्यावर बसून केस वाळवत होती. निरोप वाचून तिनं मोबाइल पालथा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा वाचला. पहिल्या खेपेला जे लिहिलं होतं तेच दुसऱ्या खेपेलाही लिहिलेलं होतं.

‘ढोलकी फार घुमतेय. विशेषतः डावीकडून. गोष्ट सांगणाऱ्या बाईंचा आवाज तिच्याखाली दबून गेलाय. उद्या चारपर्यंत सुधारून पाठव. नाही जमलं तरी काळजी करू नकोस, आम्ही संगणकातले तयार ठेके वापरू.’

शेवटचं वाक्य प्रेमिलाताईंनी चांगल्या मनानं लिहिलं असणार, पण आचलला तेच टोचलं. ताई नागपूरच्या एका संस्थेत काम करत. ही संस्था लहान मुलांसाठी ऐकायच्या गोष्टी तयार करते, आणि या वर्षी झाडीपट्टीतल्या तेरा गोष्टी करायचं ठरलं होतं. या गोष्टींमागे आमच्या सौंदडच्या दंडारीचं, म्हणजे इथल्या लोकनाट्याचं, वाजवणं घ्या, तेही मीच जुळवून देते, असं आचलनंच फोनवर सांगितलं होतं. वीस वर्षांच्या मुलीनं असं सांगायला धाडस लागतं. ताई म्हणाल्या, एक गोष्ट करून दाखव. ती पसंत पडली तर उरलेल्या बाराही तुझ्या.

आचलचे आजोबा चैतराम चाळीस वर्षं दंडारीत ढोलकी वाजवत आले होते. त्यांच्या मंडळीला तिनं शाळेच्या वऱ्हांड्यात बसवलं, मालगाडी आली की थांबवलं, गेली की पुन्हा सुरू करायला लावलं. छोटेलालनं टाळ वाजवले. सगळी मंडळी नवे सदरे घालून आली होती. आवाजच घेणार आहे, फोटो नाही, हे सांगूनही कुणी ऐकलं नव्हतं. आता त्यांना जाऊन काय सांगायचं? तुमच्या जागी मशीन वाजणार आहे?

तिचा धाकटा भाऊ मुन्ना मागून डोकावून निरोप वाचत होता.

“माह्या ट्रॅक्टरवरच्या स्पीकरच्या डब्ब्यावर तं जबरा वाजून राहिलं होतं,” तो म्हणाला. “त्या बाईले ऐकू येते का नाई?”

“तुह्या डब्ब्यावर बातम्या लावल्या तरी ढोलकीच वाजते,” आचल म्हणाली. “तू चूप राय.”

ती घरात गेली. टेबलावरचा जुना लॅपटॉप सुरू केला आणि इअरफोन कानात घातले.

हे इअरफोन साधे नव्हते. तिच्या आत्याचा मुलगा भुपेंद्र हैदराबादला नोकरी करतो. त्याला आवाजाचं वेड. दिवाळीला आला तेव्हा स्वतःचे आवडते इअरफोन त्यानं हिच्या हातात ठेवले आणि म्हणाला, “प्लेनर आहेत, सांभाळ.” आजीनं, म्हणजे सुमित्राबाईंनी, ‘प्लेन’ एवढंच ऐकलं आणि विचारलं, “बिरसीच्या इमानतळावरून आनले का गा?” सगळे हसले, पण भुपेंद्रनं आजीला नीट समजावलं होतं. साध्या इअरफोनमध्ये एक इवलीशी वाटी असते आणि तिला एकाच जागी धक्का बसतो. प्लेनरमध्ये वाटीऐवजी कांद्याच्या पातीहून पातळ असा सपाट पडदा असतो. त्याच्यावर बारीक तारेची नक्षी, पाठीपोटी चुंबकं. तू पाखडताना सूप कसं उचलतेस आजी, एका बोटानं टोचून की दोन्ही हातांनी सगळं एकदम? सगळं एकदम, आजी म्हणाली. मग हा पडदाही तसाच सगळा एकदम हलतो. म्हणून प्रत्येक दाणा वेगळा ऐकू येतो.

आचलनं मिक्सिंग करताना गोष्ट सांगणारीचा आवाज मधोमध ठेवला होता, टाळ उजवीकडे आणि ढोलकी डावीकडे. तेच तिनं आता पुन्हा लावलं. टाळ लखलखीत वाजत होते. ढोलकी मात्र तिच्या कानाला कोरडी लागत होती, रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावीत तशी. चैतरामांच्या उजव्या हाताची कडक थाप होती, पण डाव्या हाताचा घुमारा नावालासुद्धा नव्हता. म्हणून तर तिनं खालचा सूर एकदा वाढवला होता. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. आणि ताई म्हणत होत्या, फार घुमतेय.

दोघींतलं कुणीतरी चुकत होतं. तिनं भुपेंद्रला फोन लावला.

“सील होऊन नाई राहिलं तुझं,” तो सगळं ऐकून म्हणाला. “हवा निकल रही है. कानात गच्च बसले नाहीत तर खालचा सूर आधी गायब होतो. टिप बदलून बघ. डबीत तीन साइज आहेत.”

टिप म्हणजे इअरफोनच्या तोंडावरची मऊ रबरी टोपी. आचलनं लहान लावून पाहिली, मधली लावून पाहिली, मोठी लावून पाहिली. मोठी तर कानात ठेवता ठेवता बाहेर सरकत आली.

“काहीच फरक नाई, दादा. उजवा बरोबर, डावा रिकामा.”

“मग डावा पीस गेला असंल. मी दुसरा मागवतो. पण आठ दिवस तर लागतील.”

आठ दिवस. हातात होता उद्या चारपर्यंतचा वेळ. आचल बाहेर येऊन पायरीवर बसली. चैतराम उन्हात बसून ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते. त्यांनी तिच्याकडे न पाहताच विचारलं, “काय झालं वो माय?”

तिनं सगळं सांगितलं. ठेक्यांच्या मशीनचंही सांगितलं. ते ऐकून त्यांचा हात क्षणभर थांबला आणि मग दोरी पुन्हा ओढू लागला.

“बांधीतलं पानी रातभऱ्यात उतरलं,” ते म्हणाले, “तं मी दुसरी बांधी मागवतो का हैदराबादवून?”

“नाई.”

“मंग काय करतो?”

आचलला ठाऊक होतं. लहानपणी धानाच्या खाचरात, म्हणजे बांधीत, तिच्या कडेच्या मातीच्या पाळीवरून ती त्यांच्या मागोमाग चिखलातून चालली होती. “पाळीनं चालता. टाचेनं दाबत.”

“काऊन?”

“खेकड्याचं बीळ कुठं हाये ते पाह्यासाठी.”

“अन् पाळ सगळी एकदम दाबतो?”

“नाई. एक पाऊल. मंग दुसरं.”

“हं. मंग जा. चाल पाळीनं.”

ती आत आली. आता तिला कामाची रीत मिळाली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिलं पाऊल: डावा इअरफोन खराब आहे का? तिनं तो उलटा धरून उजव्या कानात घातला. वायर वेडीवाकडी लोंबत होती, कवच कानाला रुतत होतं, पण ती हातानं धरून बसली. गोष्ट सुरू केली, आणि ढोलकी अशी घुमली की तिनं दचकून आवाज कमी केला.

डावा इअरफोन ठणठणीत होता.

दुसरं पाऊल. चांगला असलेला उजवा तिनं डाव्या कानात घातला आणि ढोलकी तेवढ्यापुरती उजव्या बाजूला वळवली. रिकामा डबा वाजला.

 दोष यंत्रात नव्हता, तिच्या कानात होता. सात वर्षांची असताना तिनं कालव्यात उडी मारली होती आणि तो सगळा पावसाळा डावा कान वाहत होता. तेव्हाच काही गेलं असेल का? गेली तेरा वर्षं आपण अर्ध्याच कानानं ऐकतोय आणि आपल्याला पत्ता नाही? एका कानानं शेती होते, दुकान होतं. आवाज जुळवायचं काम होत नाही.

पुढचं पाऊल टाकायचं तिच्या जिवावर आलं. तरी तिला टाच आठवली. पाळीत बीळ दिसलं नाही तर आजोबा थांबत नसत, दाबून पाहत. तिनं डाव्या कानातल्या इअरफोनवर बोट ठेवलं आणि हळूच आत दाबलं.

धुम्म.

बोट काढलं, घुमारा गेला. दाबलं, आला. काढलं, गेला. ती पाच-सहा वेळा तसं करत राहिली आणि पहिल्यांदाच त्या दिवशी हसली. कान ऐकत होता. कानाला काही झालं नव्हतं. फक्त कुठूनतरी हवा निसटत होती आणि बांधीतलं तळाचं पाणी जसं बिळातून निघून जावं तसा आवाजाचा तळ निघून जात होता.

पण एका हातानं इअरफोन दाबून मिक्सिंग होत नाही. बोट जरा हललं की आवाज बदलतो. दुपार अशीच गेली. संध्याकाळी दिवेलागणीला तिनं पुन्हा इअरफोन घातले, तर काय, डावा कान गच्च बसला. बोट न लावता. टिप तीच, कान तोच. ढोलकी भरून वाजली. तिनं घाईघाईनं काम उघडलं, आणि वीज गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो वायर लावल्याशिवाय चालत नसे. वीज आली ती थेट पहाटे.

हरकत नाही, सकाळी करू, असं म्हणून ती निजली. सकाळी उठून, सगळं आवरून नऊला टेबलाशी बसली. इअरफोन घातले. रिकामा डबा.

या वेळी मात्र ती रडकुंडीला आली. चैतराम चहाची कपबशी घेऊन दारात उभे होते.

“सांजच्याले होतं अन् आता नाई?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग या दोघांच्या मधात काय काय झालं ते सांग. एकेक.”

“काय होईल आबाजी? जेवली. झोपली. उठली. दात घासले. आजीजवळ बसली. आंघोळ केली. चहा पेली. बसली.”

तेवढ्यात मुन्ना आला. त्याला गंमत पाहायची होती. त्यानं तिच्या कानातला डावा इअरफोन ओढला आणि स्वतःच्या कानाशी नेला. मग नाकाशी नेला. त्याचं तोंड वाकडं झालं.

“काय वो ताई, याले फोडनीचा वास कायले येऊन राहिला?”

आचलनं तो हिसकावून घेतला. वास घेतला. लसूण. टिपेवरून बोट फिरवलं तर ती चमकत होती, बुळबुळीत झाली होती. तिनं चैतरामांकडे पाहिलं, चैतरामांनी मुन्नाकडे, आणि मग तिघांनी मिळून चुलीजवळ बसलेल्या सुमित्राबाईंकडे.

“माह्याकडं काय पाह्यता?” आजी म्हणाली.

कालव्यातल्या त्या उडीनंतर रोज सकाळी आंघोळीआधी आजी नातीचं डोकं मांडीवर घेई आणि लसूण जाळलेल्या जवसाच्या कोमट तेलाचे दोन थेंब तिच्या डाव्या कानात सोडी. डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं की कान बरा झाला, आता काही घालू नका. पण डॉक्टर गोंदियाला, आजी घरात. तेरा वर्षांत आचलला ते दात घासण्याइतकं सवयीचं झालं होतं. आपण अजून कानात तेल घालून घेतो हे तिला आठवणीनं सांगावंसंही वाटलं नव्हतं. आंघोळीनंतर ती तेलकट कानानं कामाला बसे आणि रबरी टिप चिखलातल्या चपलेसारखी सरके. संध्याकाळपर्यंत तेल सुकून गेलं की टिप धरून बसे.

“आजी,” आचल म्हणाली, “तुह्या तेलानं घात केला.”

“वा गं वा. तवा कान फुटला होता तं आजीचं तेल सोनं होतं. आता बंबईवून खेळनं आलं तं तेल वाईट.”

“हैदराबादवून,” मुन्ना म्हणाला.

“कुठून बी येवो. मले कायले सांगतलं नाई? मी का तेलात पोहून राहिली? पोरीचा कान ठनकू नोये म्हनून घालून राहिली.” आणि एवढं बोलून ती उठली, गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आचलच्या मांडीवर धुतलेलं मऊ लुगड्याचं फडकं टाकलं. “घे. पूस. अन् आत खोल खुपसू नको, तेवढं ऐक.”

आचलनं टिप साबणाच्या पाण्यात धुतली, फुंकून वाळवली. ओलसर फडक्यानं कानाचं तोंड पुसलं, मग कोरड्यानं पुसलं. तासभर थांबली, तो तास काही केल्या सरेना. मग भुपेंद्रनं सांगितलं होतं तसं उजव्या हातानं डोक्यावरून डाव्या कानाची पाळी वर ओढली, डाव्या हातानं इअरफोन आत सरकवला आणि किंचित फिरवला. या वेळी मोठी टिप लावली होती, आणि काल सरकणारी ती टिप आज अशी बसली की बाहेर आजी आणि मुन्नाची बाचाबाची चालू होती ती दूर गावाबाहेर गेल्यासारखी झाली.

तिनं आपलं जुनं मिक्सिंग लावलं.

बाप रे. ढोलकी कसली, मुन्नाचा ट्रॅक्टर डाव्या कानातून घरात शिरत होता. गोष्ट सांगणारी बिचारी त्याच्या चाकाखाली सापडली होती. हे आपण मान वर करून नागपूरला पाठवलं? प्रेमिलाताईंनी किती सौम्य शब्दांत लिहिलं होतं, हे तिला आता कळलं.

पावणेअकरा झाले होते. तिनं तीनदा वाढवलेला खालचा सूर तीनदा उतरवला आणि सगळं पहिल्यापासून बांधायला घेतलं. आता तिला हात ऐकू येत होते. चैतरामांचा डावा पंजा कातड्यावरून घसरतो, त्याचा सूर वाकतो, आणि तो वाकता वाकता उजव्या बोटाची टिचकी त्याच्यावर येऊन बसते. काल हे सगळं एक होतं, आज वेगळं झालं होतं, पाखडल्यावर तांदूळ आणि कोंडा व्हावा तसं. टाळ वाजून थांबला तरी त्याची किणकिण बराच वेळ हवेत बारीक होत जाई, तिचं शेवटचं टोकसुद्धा सापडत होतं. गोष्टीत वाघ येतो तिथं तिनं ढोलकी पुढे आणली, म्हातारी बोलते तिथं मागे नेली. सांगणारीचा एकही शब्द आता दबत नव्हता.

आणि मग तिला एक गोष्ट सापडली. प्रत्येक मोठ्या थापेच्या आधी, अगदी केसभर आधी, एक बारीक ‘हं’ येत होता. आधी तिला वाटलं, आवाजात काही बिघाड आहे. तिनं तेवढाच तुकडा पाच वेळा ऐकला. तो माणसाचा होता. तो आबाजींचा होता. थाप मारण्याआधी ते नकळत हुंकार भरत होते, चाळीस वर्षं भरत असतील, आणि ढोलकीच्या आवाजात तो आजवर कुणाच्या कानी आला नव्हता.

काढायचा का? एका बटणाचं काम होतं. स्वच्छ आवाज म्हणजे असं सगळं काढून टाकणं, असं तिनं मोबाइलवरच्या व्हिडिओंत पाहिलं होतं. तिनं काढून ऐकलं. ठेका नीट होता, चुकलं काहीच नव्हतं, तरी वाजवणारा माणूस उठून गेल्यासारखं वाटलं. तिनं हुंकार जागच्या जागी परत ठेवला.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिनं फाइल पाठवली. मग अंगणात येऊन पोत्यावर बसली. मुन्नाला ट्रॅक्टर सुरू करू दिला नाही. आजीनं दोनदा जेवायला बोलावलं. चार वाजले, सव्वाचार झाले. चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

“आचल, कुठल्या स्टुडिओत बसून केलंस हे?” प्रेमिलाताईंनी विचारलं.

“घरीच, ताई.”

“एका दिवसात?”

“हो. काल कानात जरा… काल बरोबर ऐकू येत नव्हतं.”

“आता येतंय, ते आम्हाला कळतंय. आमच्या इथल्या सगळ्यांनी ऐकलं. एक विचारायचं होतं. थापेच्या आधी ते ‘हं’ कोण करतं?”

आचल पोत्यावरून उठून उभी राहिली. “माझे आजोबा. काढायचं असेल तर मी दहा मिनिटांत…”

“हात लावू नकोस त्याला. आमचा साउंडवाला म्हणतो, तयार ठेक्यात हे कुठून आणायचं? उरलेल्या बारा गोष्टी मी आज तुला पाठवते. मिक्सिंग तुझं आणि वाजवणं तुझ्या मंडळीचं. दोघांचीही नावं शेवटी सांगितली जातील. चालेल ना?”

“चालेल,” आचल म्हणाली. 

फोन ठेवून ती लॅपटॉपच घेऊन बाहेर आली, पाठीमागून लांब वायर ओढत. चैतरामांच्या कानात तिनं स्वतः इअरफोन बसवले. त्यांचा कान मोठा, मोठी टिप चपखल बसली. पाळी वर ओढली तेव्हा ते म्हणाले, “मास्तर होऊन राहिली का माही?” मग गोष्ट सुरू झाली आणि ते बोलायचे थांबले. त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप वाजू लागला. वाघ आला तशा भुवया वर गेल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी एक इअरफोन काढला.

“हे कोन कण्हून राहिलं?”

“तुम्ही.”

“मी? कायच्या काय.”

“चाळीस वर्षं झाली,” आजी चुलीकडून म्हणाली. “झोपेत बी करता. कोनाले सांगू?”

चैतरामांनी इअरफोन परत घातला आणि तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. ऐकला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी स्वतःच हुंकार भरला, मुद्दाम, बरोबर थापेच्या आधी, आणि मांडीवर अशी थाप मारली की मांजर उठून पळालं.

“बारा म्हनली ती बाई?” त्यांनी मोठ्यानं विचारलं, कानात इअरफोन असताना माणूस बोलतो तसं.

“बारा.”

“मुन्ना, उठ. छोटेलालच्या घरी जा. त्याले म्हन, टाळ घेऊन आत्ता ये, अन् तो नवा सदरा घालून ये. मशीनले हरवलं म्हन आपून.”

मुन्ना ट्रॅक्टर काढायला धावला, आणि या खेपेला आचलनं त्याला अडवलं नाही.